पिशवीच्या तळाशी

काळजी करणं हा माझा मुख्य धंदा आणि किराणा दुकान हा जोडधंदा, असं माझी बायको दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. तिचं म्हणणं खोटं नाही. पोरगी चालायला लागली तेव्हा मी घरातल्या सगळ्या उंबऱ्यांना पोत्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यात पाय अडकून पहिला मीच पडलो होतो. ती सायकल शिकली तेव्हा तिच्यामागे मी इतका पळालो, की डॉक्टरने मला पळायला सांगितलंय असा गावाचा समज झाला. एकुलती एक पोरगी, तीही लग्नानंतर फार उशिरा झालेली. दुसरं काय करणार?

ती दहावी होईपर्यंत माझं निभावलं. आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तेलुगू मुलखातलं, तामसी मंडळातलं, शाळा गावातच, मराठी माध्यमाची. दुकानाच्या ओट्यावर उभं राहिलं की शाळेचं पटांगण दिसायचं. पुढे इंटरसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, मात्र आदिलाबादला जाणं भाग होतं. कॉलेजचे वर्ग सकाळी लवकर भरायचे, पहिल्या बसने ते गाठता येत नव्हते, म्हणून मग होस्टेल आलं. होस्टेलला तिन्ही वेळा भात. ही तर जोंधळ्याची भाकर खाऊन वाढलेली. पहिल्याच आठवड्यात फोनवर रडवेली होऊन आईला म्हणाली, "माय, भातानं पोट भरते, पन जेवल्यावानी नाई वाटत."

तेव्हापासून डबा सुरू झाला.

बसने डबा पाठवणं आमच्याकडे फार आधीपासून चालत आलंय. सकाळी सातची बस माझ्या दुकानासमोर थांबते. ज्यांचं कुणी आदिलाबादला कॉलेजात, दवाखान्यात किंवा कापसाच्या जिनिंग गिरणीत आहे, ते आपापला डबा ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर ठेवतात. बायकांना बस फुकट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी त्या फळीवर कुणी बसत नाही. आदिलाबादला बसस्टँडसमोर एका चहावाल्याचं बाकडं आहे, त्यावर कंडक्टर सगळे डबे उतरवून ठेवतो. ज्याने त्याने आपला उचलायचा, संध्याकाळी तिथंच आणून ठेवायचा आणि शेवटच्या बसने तो परत गावी यायचा. ना पावती, ना सही. गावातल्या शिंप्याने शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडातून पिशव्या शिवल्यात, त्यामुळे सगळ्या पिशव्या एकसारख्या. काहींनी ओळखीसाठी बंदाला काही ना काही बांधलंय. आमच्या पिशवीला लाल दोरा होता.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पोरीनेही ती पाळली. वरच्या पुडात कधी चिमूटभर साखर यायची, कधी चार बोरं, आणि सोबत वहीच्या पानाच्या चतकोरावर लिहिलेली चिठ्ठी. मेथी छान झाली होती, केमिस्ट्रीच्या मॅडम रागीट आहेत, तेलुगू अजून जिभेवर बसत नाही, असलं काहीबाही. बायको चूल पेटवता पेटवता मला ते वाचून दाखवायची.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग कुणा गावातली कुणी पोरगी दोन दिवस सापडली नाही, अशी एक बातमी मोबाइलवर फिरली. ती खरी होती की नाही हे मला आजही माहीत नाही. मी मात्र दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी माल आणायला आदिलाबादला गेलो आणि मोबाइलच्या दुकानातून काडेपेटीएवढं एक यंत्र घेऊन आलो. मोटरसायकल चोरीला गेली तर कुठे आहे ते कळावं म्हणून लोक हे गाडीला लावतात. आत सिम घातलं की आपल्या मोबाइलवर नकाशा उघडतो आणि त्यात एक निळा ठिपका दिसतो. मी ते यंत्र डब्याच्या पिशवीच्या तळाशी, दुहेरी कापडाच्या आत शिवून टाकलं. शिवणकाम मला बऱ्यापैकी येतं. बायकोला सांगितलं नाही आणि पोरीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

आता माझा दिवस बदलला. सकाळी ठिपका माझ्या दुकानासमोरून निघायचा, वळणं घेत आदिलाबादला पोचायचा, बसस्टँडसमोर थांबायचा, मग मधल्या सुट्टीत हळूहळू कॉलेजात शिरायचा. गिऱ्हाईक हरभऱ्याची डाळ मागायचं आणि मी तुरीची तोलायचो. संध्याकाळी ठिपका होस्टेलवरून बसस्टँडवर यायचा आणि पिशवी घरी. ती मी बायकोच्या हातातून घ्यायचो. "दे, मी झटकून ठेवतो," म्हणायचो. दर रविवारी डब्याला सुट्टी असे, तेव्हा गोदामात बसून तळाची शिवण उसवायचो, यंत्र चार्जिंगला लावायचो आणि रात्रीच्या जेवणाआधी परत शिवायचो. पिशवी माझ्याकडे आणि डबा बायकोकडे, अशी आमची वाटणी झाली. ती चुलीजवळून चिठ्ठी वाचायची आणि मी ठिपक्याचा दिवसभराचा प्रवास बघत "हं" म्हणायचो.

संक्रांतीच्या सुट्टीत पोरगी घरी आली. एका दुपारी तिने मोबाइल टीव्हीला जोडून आम्हाला एक मालिका लावून दिली. परदेशातली, हिंदीत बोलणारी, पुढच्या कुठल्यातरी जमान्यातली. आम्ही तिघं तिळाच्या वड्या खात बघत बसलो. त्यात एक असं गाव होतं, जिथे मूल जन्मलं की त्याच्या कानात एक मणी बसवतात. पोर जे जे ऐकेल ते सगळं घरी आईला ऐकू येतं. त्यातली आई आधी फार खूश असते. शाळेत कोण काय म्हणालं, कोणी ढकललं, सगळं तिला कळतं आणि ती धावत जाते. पुढे पुढे तिला स्वतःच्या घरातलं ऐकू येईनासं होतं. दारात माणूस उभा असतो, दूध उतू जातं, नवरा हाका मारतो, तिचं लक्ष नाही. मग पोरं मोठी होतात आणि बोटांच्या खुणांनी बोलायला शिकतात. शेवटी ती अख्खी शाळा दाखवली. मधल्या सुट्टीत शेकडो पोरं पटांगणात खेळताहेत आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. घरी ती आई कान लावून बसलेली, आणि तिला नुसती वाऱ्याची सळसळ ऐकू येते आहे.

बायकोने वडी खाली ठेवली. मला मात्र राग आला. मी म्हणालो, "त्या बाईचं काय चुकलं? जीव लावला म्हनूनच ना ऐकत होती?"

पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "पन बाबा, मायले सगळं आपोआपच कळून राह्यलं, तं पोरीनं सांगाचं काय? ती पोरगी घरी आल्यावर मायसंग बोललीच नाई कधी. तुमी पाह्यलं नाई का?"

मी ते पाहिलं नव्हतं. माझी नजर समोरच्या खुंटीवर होती. तिथे निळी पिशवी लटकत होती आणि तिच्या तळाशी यंत्र होतं. त्या क्षणी सांगून टाकलं असतं तर पोरीने दोन शिव्या घातल्या असत्या, रुसली असती, संध्याकाळपर्यंत हसलीही असती. मी दुसरी वडी उचलली आणि तोंडात घातली.

फेब्रुवारीत एका रविवारी मी शिवण उसवायला बसलो तर तळाचं कापडच फाटलं. इतक्या वेळा टाके काढले-घातले, दुसरं काय होणार? शिंप्याकडून नवी पिशवी आणली, यंत्र तिच्यात शिवलं. लाल दोरा बांधायचा राहून गेला. तो जुन्या पिशवीच्या बंदाला तसाच होता आणि जुनी पिशवी मी पोत्याखाली दडवली होती.

दोनच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, मी ठिपका बघितला तर तो कॉलेजात नव्हता. तो हमरस्त्यावर होता आणि नागपूरच्या दिशेने चालला होता. चालला कसला, धावत होता. मी पोरीला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ठिपका पैनगंगेच्या पुलावर आला आणि बघता बघता नदी ओलांडून महाराष्ट्रात गेला. कॉलेजचा नंबर होता, तिथे फोन करून मी प्रिन्सिपॉलांना तेलुगूत सांगितलं, की माझ्या मुलीला कुणीतरी गाडीत घालून नदीपलीकडे नेलंय. बाजारापुरतं माझं तेलुगू, त्यात घाबरलेलो. काय बोललो कुणास ठाऊक, पण त्यांना ते समजलं. दुकान उघडंच टाकून मी मोटरसायकल काढली. बायको मागून काहीतरी ओरडत होती. मी थांबलो नाही.

पूल ओलांडल्यावर ठिपका एका जागी थांबला होता. तो धाबा होता. बाहेर कापसाचा ट्रक उभा, आणि बाजेवर आमच्याच गावचा ट्रकवाला मांडी घालून बसलेला. त्याच्यापुढे आमचा डबा. त्याच्या घरचा डबाही त्याच बसने जातो आणि त्याच्या पिशवीला कधीच दोरा नसतो. बाकड्यावर दोरा नसलेली पिशवी दिसली, ती त्याने उचलली. उरलेली बिनदोऱ्याची आमच्या पोरीने घेतली असणार. मला बघून तो मोठ्या आनंदाने म्हणाला, "या, भाऊ, बसा. आज भाजी लय झकास हाय. मी म्हनलं, आपल्या घरी इतकं तेल कवापासून घालून राह्यले?"

मी बाजेच्या कडेवर बसलो आणि मला हसू आलं. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं. पोरगी जिथे असायला हवी तिथेच होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचा आवाज थंड होता. म्हणाली, "पोरगी कॉलेजातच हाय. तुमी काय करून ठेवलं, ते जाऊन पाहा."

मी केलं होतं ते असं. त्या दिवशी कॉलेजात तेलुगू वक्तृत्वाची स्पर्धा होती. मराठी शाळेतून आलेली, आठ महिन्यांपूर्वी तेलुगूत पाणी मागायला लाजणारी माझी पोरगी तिसऱ्या नंबरवर बोलायला उभी होती. सभागृह भरलेलं. फोन अर्थातच बंद. तिचं अर्धं भाषण झालं होतं, तेव्हा प्रिन्सिपॉल स्वतः मंचावर चढले, तिचा दंड धरला आणि सगळ्यांदेखत विचारू लागले की ती ठीक आहे ना, तिच्या वडिलांचा असा असा फोन आलाय. मागच्या रांगांमधून हशा उठला. खुलासा झाल्यावर सर म्हणाले, पुढे बोल. तिने दोनदा सुरुवात केली. पुढचं वाक्य आठवेना. ती खाली उतरली.

होस्टेलच्या फाटकावर ती आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ट्रकवाल्याकडून परत घेतलेली पिशवी माझ्या हातात होती. ती म्हणाली, "तुमाले काऊन वाटलं, मी नदीपल्याड गेली म्हनून?" तिने पिशवी घेतली, तळ चाचपला. शिवणीतलं ते कठीण चौकोनी यंत्र तिच्या बोटांना लागलं.

"कवापासून हाय हे?"

"दिवाळीपासून."

"संक्रांतीले आपन ते पाहून राह्यलो होतो टीव्हीवर, तवा बी होतं?"

"होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून डबा नका पाठवू. मेसमधलं खाईन मी." मग फाटकातून आत गेली.

घरी आलो तर बायकोने चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात जुलैपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या. तिने सगळ्यात वरची उचलून दिली. आदल्याच संध्याकाळची. 'बाबा, उद्या स्पर्धा आहे. फोन बंद राहील, घाबरू नका. मी तेलुगूत बोलणार, सात मिनिटं. तुम्ही समोर असते तर बरं झालं असतं, पण दुकान कोण बघणार. देवाजवळ दिवा लावा.' खाली एक आठवड्यापूर्वीची होती: 'बाबांना विचार, तेलुगूत विश्वासाला काय म्हणतात ते मी बरोबर लिहिलंय का.' त्याच्याही खाली आणखी.

"हे तू मला दाखवलं काऊन नाई?" मी विचारलं.

"रोज वाचून दाखवलं. कालचं बी दाखवलं. तुमी हं म्हनले." ती उठली आणि आत जाऊन भांडी घासू लागली.

मी आयुष्यात अनेकदा लाजलोय, पण त्या संध्याकाळइतका कधी नाही. सगळ्या चिठ्ठ्या मी ओळीने वाचल्या. पोरीला जानेवारीत तीन दिवस ताप होता. तिची एक मैत्रीण कॉलेज सोडून गेली, म्हणून ती फार रडली होती. तापाचे ते दिवस मला नकाशावर आठवत होते. डबा कुणी मैत्रीण नेत असणार, ठिपका दिवसभर होस्टेलवर होता आणि मी समाधानाने म्हटलं होतं, चला, कुठे भटकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सातची बस यायची, थांबायची, कंडक्टर माझ्याकडे बघून भुवई उडवायचा आणि मी मान हलवायचो. बायको सवयीने दोन भाकरी जास्त थापायची. त्या मीच दुपारी खायचो. पोरगी आईला फोन करायची. माझी चौकशी करायची, पण फोन माझ्याकडे द्यायला सांगायची नाही. यंत्र मी मोटरसायकलच्या सीटखाली टाकून दिलं, चार्जिंग न करता.

आठ-दहा दिवसांनी मी जुनी पिशवी पोत्याखालून काढली. लाल दोऱ्याची, तळ फाटलेली. तिच्या बंदाला एक चिठ्ठी टाचली. पोरीला चिठ्ठी लिहिण्याची माझी पहिलीच वेळ. चार कागद फाडले तेव्हा एवढं जमलं: 'बाई, पिशवीचा तळ उघडा आहे. हात घालून पाहा. चूक माझी आहे. तुझं भाषण मला ऐकायचं आहे.' ती रिकामी पिशवी सातच्या बसमध्ये ठेवली आणि पोरीला तसं फोनवर कळवायला बायकोला सांगितलं. संध्याकाळी पिशवी परत आली. आत चिठ्ठी नव्हती, साखर नव्हती. पण तळ शिवलेला होता, बंदाच्याच लाल दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी. शिवण तिला कधीच जमली नाही. मी ती पिशवी बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो होतो.

होळीला ती दोन दिवसांसाठी घरी आली. माझ्याशी बोलली, पण मोजकंच. दुपारी दुकानात सामसूम होती. मी शटर अर्धं खाली ओढलं, मोबाइल तांदळाच्या पिंपात टाकून झाकण लावलं आणि म्हणालो, "आता ऐकव."

"इथं? दुकानात?"

"सात मिनिटं हाय ना? मंग ऐकव."

ती नको नको म्हणाली, मग तराजूजवळ जाऊन उभी राहिली. बायको आतून येऊन पोत्यावर बसली. पोरगी तेलुगूत बोलू लागली आणि पहिल्या दोन वाक्यांतच मी चकित झालो. मला येतं ते बाजाराचं तेलुगू. हिचं वेगळंच होतं, स्वच्छ, ठामपणे बोललेलं. विषय होता आमच्या गावची बस. ती फळी, ते डबे, चहावाल्याचं बाकडं. कुलूप नाही, पावती नाही, तरी कधी कुणाचा डबा गेला नाही. बाहेर कुणीतरी शटरवर टकटक करून तेल मागितलं. मी हललो नाही.

मध्येच ती थांबली. मराठीत म्हणाली, "इथंच सर आले होते."

मी म्हणालो, "पुढचं सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिथूनच पुढे, लिहिलं होतं तसं, ती बोलत गेली. मी मान खाली घातली ती भाषण संपेपर्यंत वर केली नाही.

बायकोचं माहेर नदीपलीकडचं, तेलुगू तिला अजिबात कळत नाही. तिने मला कोपराने ढोसलं. "शेवटी काय म्हनली वो ती?"

मधलं एक वाक्य गाळून टाकावं असं मला फार वाटलं. बायकोला कळलं नसतं. पोरगी तराजूजवळ उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग मी सगळं सांगितलं. "म्हनते, माझे बाबा लय भित्रे हायेत. मी सायकल शिकली तं मांगं पळत होते. पन रोज सकाळी ते माझा डबा बसमधी ठेवतात आन मांगं वळून बी न पाहता दुकानात जातात. परगावात मले भेव वाटते तवा मी तेवढंच आठवते."

हे तिने फेब्रुवारीत लिहिलं होतं, तेव्हा पिशवीच्या तळाशी काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असूनही तिने ते वाक्य बदललं नव्हतं. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पोरीने पिंपातला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "सोमवारपासून पाठवजा. मेथीत तेल कमी घाला म्हना मायले."

सोमवारी मी लाल दोऱ्याच्या टाक्यांची पिशवी बसच्या फळीवर ठेवली आणि दुकानाकडे निघालो. खोटं कशाला सांगू, त्या पहिल्या दिवशी एकदा वळून पाहिलं. मंगळवारी नाही.